तेव्हा मी शुद्धीवर होते

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या भगिनी मंडळाने मला सांगितलं, "अक्का, तुमची साक्ष लिहून द्या, दुसऱ्यांना आधार होतो." साक्ष म्हणजे काय, ते मंडळीत वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आधी दुखणं, मग प्रार्थना, मग डॉक्टर थक्क, मग टाळ्या. मी तशी साक्ष दोनदा उभी राहून दिली. दोन्ही वेळा खोटं बोलले. त्यामुळे ही तिसरी बसून लिहितेय. मंडळाला पटली तर वाचावी, नाही तर माझ्या ट्रंकेत राहील.

माझं नाव एस्तेर. आम्ही बीदरजवळ कमठाण्यात राहतो. जवळच्याच एका गावी मी मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. नवरा दानियेल बीदरलगतच्या कोळारच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम बघतो. मुलगी रिबका बीदरला कॉलेजात आहे. आणि सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

रिबकाच्या आधी आम्हाला एक मुलगी होती, सलोमी. चार वर्षांची असताना तिला ताप आला. आत्याबाईंनी दार लावून तीन दिवसांची उपास-प्रार्थना धरली. दवाखान्यात नेलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं त्या काळी त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या मतापुढे घरात कुणाचं चालत नसे. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात न्यायला मुलगी उरली नव्हती. मी सव्वीस वर्षांची होते, शिकलेली होते, आणि त्याच खोलीत गुडघे टेकून आमेन म्हणत होते. हेही लिहून ठेवते, नाही तर सगळा दोष म्हातारीवर जाईल. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो, रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना केली, आणि सलोमीचं नाव एकमेकींसमोर एकदाही काढलं नाही.

आत्मा मिळाला

सुरुवात डोकेदुखीने झाली. कानशिलात खिळा ठोकावा तशी दुखायची. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मी गोळी गिळून शाळेत जात राहिले. एकदा फळ्यावर पाढा लिहिताना पुढचा आकडा आठवेना. मुलं हसली. मी डस्टर उचलून फेकला, तो पहिल्या बाकावरच्या मुलीच्या भुवईला लागला. रक्त आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं. तिच्या आईची माफी मागितली आणि घरी येऊन म्हटलं, सैतान माझी परीक्षा बघतोय.

दर बुधवारी आमच्यात घरोघरी प्रार्थना असते. त्या बुधवारी आमच्या घरी होती. मी प्रार्थनेला तोंड उघडलं आणि शब्दच जुळेनात. मनात सरळ वाक्य होतं, बाहेर भलतंच येत होतं. ना मराठी, ना कानडी, ना दखनी. मी घाबरले आणि आवाज चढवला. जितका चढवला तितकं ते आणखी भलतं होत गेलं.  मग शेजारच्या शांतक्काने माझे पाय धरले.

"अक्काला आत्मा मिळाला गं! अन्य भाषा बोलायल्यात अक्का!"

आमच्या मंडळीत कित्येक वर्षांत कुणाला अन्य भाषेचं दान, म्हणजे पवित्र आत्मा उतरून अनोळखी भाषेत बोलणं, मिळालं नव्हतं. हुमनाबादकडच्या मंडळीत मिळालं होतं, आणि ते लोक दर सभेत आम्हाला ऐकवायचे. आता आमची पाळी आली. बाया रडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, मला मिठ्या मारत होत्या. माझ्या मेंदूच्या आवरणावर टीबी बसला होता आणि आमच्या ओसरीवर पेढे वाटले जात होते.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आठवले की आजही मला हसू येतं आणि लगेच अंगावर काटा येतो. उजेड सोसेना म्हणून मी डोळ्यांवर पदर ओढून बसायची, ते नम्रपण ठरलं. मान आखडली, खाली वाकेना, तर म्हणाल्या, अक्काची नजर वर लागलीय. गाणं चालू असताना मी ओकले, तेव्हा एकजण म्हणाली, जुनं सगळं बाहेर पडायलंय, पडू द्या. एवढी लक्षणं एखाद्या कंपाउंडरनेसुद्धा ओळखली असती. आम्ही प्रत्येकाला बायबलमधली जागा शोधून दिली.

लोक यायला लागले. मादन हिप्परग्याहून एक बाई गुडघेदुखी घेऊन आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, माझ्या कानशिलातला खिळा हीच हलवतेय. मी दाबत गेले. नखं तिच्या कातड्यात रुतली. ती किंचाळली, आणि बाकीच्या हालेलूया म्हणाल्या. कपाळावरून रक्त ओघळत असताना ती माझ्या हाताचा मुका घेऊन गेली. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर मला माफ करा. तुमचे गुडघे कसे आहेत?

खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्यासाठी उठून उभे राहत होते. डोकं फुटत होतं तरी मी कुणाला सांगत नव्हते.

टाळ्या न वाजवणारं घरात एकच माणूस होतं. आत्याबाई भिंतीला टेकून माझ्याकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, म्हातारी जळते.

काथवट

शनिवारची सकाळ होती, दहाचा सुमार. आत्याबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून काथवटीत, म्हणजे लाकडी परातीत, ज्वारीचं पीठ मळत होत्या. मी दारात उभी होते. त्यांनी पिठाचा हात तसाच वर करून माझ्या पोटरीला लावला.

"अंग भट्टी झालंय तुझं," त्या म्हणाल्या. "हे आत्मा-बित्मा काय न्हाई. ताप हाय. दवाखान्यात जा."

या वाक्यावर माझं जे झालं ते नीट सांगते, कारण सगळी साक्ष इथेच आहे. मला फिट आली नव्हती. डोळ्यांपुढे अंधार नव्हता. उलट कित्येक दिवसांत पहिल्यांदा सगळं लख्ख दिसत होतं. चुलीशेजारची राख, त्यांच्या बोटांना लागलेलं पीठ, बाजूचा पाण्याचा तांब्या. मला एकच गोष्ट ऐकू आली: दवाखाना. या तोंडातून. माझ्यासाठी. माझ्या लेकीसाठी नाही, माझ्यासाठी.

मी वाकून काथवट उचलली. सागवानी, जड. पीठ त्यांच्या मांडीवर पडलं. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि त्यांच्या डोक्याचा नेम धरून खाली आणली. त्यांनी उजवा हात मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. मनगटाचा आवाज ओली काडी मोडावी तसा झाला.

"माझ्या लेकीला कामून न्हाई नेलं?" मी ओरडले. "तीन दिवस दार लावून ठेवलं तुम्ही! तीन दिवस!"

आठवडाभर ज्या तोंडातून एक धड वाक्य निघत नव्हतं, त्यातून हे वाक्य पुरं आणि स्वच्छ निघालं. मी काथवट पुन्हा उचलली. दुसरा घाव बसला असता तर मी आज तुरुंगातून लिहीत असते. रिबका धावत आली आणि तिने मला मागून कवेत घट्ट धरलं. मी तिच्या दंडाला चावले, मान झटकून तिच्या ओठावर डोकं मारलं, तिला कोनाड्यावर फेकलं. तिचा ओठ फाटला. तरी ती पुन्हा आली. मग मात्र खरंच झटका आला आणि मी पडले. पुढचं मला रिबकाकडून कळलं.

शेजारीपाजारी आले, दानियेल गोदामावरून धावत आला. मंडळीतली चार वडीलधारी माणसं आली, पास्टर साहेब आले. दार लावून घेतलं गेलं. कुणी तरी म्हणालं, सैतानानं आत्म्यावर घाव घातलाय, आता तीन दिवस उपास-प्रार्थना धरायला पाहिजे.

आत्याबाई भिंतीपाशी बसल्या होत्या. मनगट लोंबत होतं, लुगडं पिठाने भरलं होतं. त्या उठल्या. दारापुढे पास्टर साहेब उभे होते, त्यांना त्यांनी खांद्याने ढकललं आणि डाव्या हाताने कडी काढली.

"तीन दिवस न्हाई!" त्या ओरडल्या. रिबका म्हणते, अज्जीचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "तीन घंटेबी न्हाई! ज्यान्ला प्रार्थना करायची त्यान्नी गाडीत बसून करा! दानियेल, बघायलास काय? गाडी आन!"

पास्टर साहेबांचं मोठेपण असं, की त्यांनी वाद घातला नाही. ते स्वतः जीपमध्ये चढले आणि माझे पाय मांडीवर घेऊन बसले. बीदरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि ताबडतोब कलबुर्गीला न्या म्हणाले. वाटेत मला जाग येईल तशी मी लाथा झाडत होते. हुमनाबादपर्यंत त्यांनी पोटात लाथा खाल्ल्या आणि माझे पाय सोडले नाहीत. मोठमोठी प्रवचनं मी ऐकली आहेत. त्यांचं ते गप्प बसणं मला जास्त पुरलं.

बांधलेले हात

कलबुर्गीच्या दवाखान्यात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. त्यासाठी चौघांनी मला वाकवून धरलं. मी त्यांना शिव्या दिल्या. मला इतक्या शिव्या येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. दखनी सगळ्यात चांगल्या बसतात.

संध्याकाळी डॉक्टरांनी दानियेलला बाहेर बोलावून सांगितलं की मेंदूच्या आवरणाचा टीबी आहे, औषध आहे, वर्षभर चालेल, बाकी काही सांगता येत नाही. अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर सांगायलाच काही उरलं नसतं, असंही म्हणाले. दानियेल तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडला. तो माझ्यासमोर कधी रडलेला नाही.

पहिले दोन-अडीच आठवडे मी खाटेला बांधलेली होते. दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्ट्यांनी दांड्यांना. मी सलाइन उपटत होते, गोळ्या थुंकत होते. आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. छताचा पंखा खाली उतरून मला कापायला येतोय असं रोज दिसायचं. एकदा दानियेल माझी चादर नीट करत होता, मी गुडघा उचलून त्याच्या तोंडावर मारला. पुढचा दात पडला. त्याने तो जमिनीवरून उचलला, पुसला आणि खिशात टाकला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तसाबी हलायला हुता."

एका सिस्टरच्या हाताला मी चावले. रक्त निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ती हाताला पट्टी लावून आली. मला वाटलं, आता ही सुई मुद्दाम जोरात टोचणार. तिने कंगवा आणला होता. माझ्या केसांचा पार गुंता झाला होता, तो तिने अर्धा तास बसून सोडवला. "काटे सो काटे," ती म्हणाली, म्हणजे चावलात ते चावलात, "अब गोली खा लेव अम्मा." ती बाई आमच्या धर्माची नव्हती. प्रेम करावं म्हणून आम्ही दर रविवारी गातो, आणि ती ते ड्यूटीच्या वेळात करत होती. मला लाज वाटली, पण ती खूप नंतर.

आणि आत्याबाई. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, वय पंच्याहत्तरच्या घरात, आणि झोपायला माझ्या खाटेखालची फरशी. घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. त्या डाव्या हाताने मला पेज भरवायच्या. अर्धी माझ्या गळ्यात जायची, अर्धी गळ्यावर. कुणी भेटायला आलं आणि प्लास्टरकडे बघितलं की त्या त्याच्या आधीच बोलायच्या, "ती नव्हती ती. आजार हुता."

एका सकाळी पंखा जागेवर राहिला. मी बराच वेळ बघितलं, तो खाली येईना. मान वळवली तर आत्याबाई बसल्या होत्या.

"वळखलीस का?" त्यांनी विचारलं.

मला सगळं आठवत होतं. काथवटीचं वजन, काडीचा आवाज, माझे शब्द. मी त्यांच्या प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "हाताला काय झालं, आत्याबाई?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "पडले," त्या म्हणाल्या.

गोळ्या

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांच्यासाठी थोडं लिहिते. गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. मेंदूच्या सुजेवरच्या औषधाने तोंड भोपळ्यासारखं फुगतं आणि भूक इतकी लागते की मी एकदा बसून सात भाकरी खाल्ल्या. राग येतो. विनाकारण येतो. मी दूध उतू गेलं म्हणून पातेलं अंगणात फेकलं, दोरीवर सुकत घातलेली दानियेलची पॅन्ट टरकावली. महिनाभरात बरं वाटतं आणि गोळ्या सोडाव्या वाटतात. सोडू नका. आणि डोकं दुखतंय, ताप आहे, बोलणं विचित्र आहे, तर आधी गाडी. गाडीत जागा असते, तिथे प्रार्थना होते.

माझ्या गोळ्या आत्याबाई द्यायच्या. रोज सकाळी उपाशीपोटी, मोजून, समोर उभ्या राहून. त्यांचं मनगट वाकडं जुळलं होतं. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना. भाकरी मी करू लागले, त्यांची वेणीही मीच घालू लागले. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या रोज म्हणायच्या, देवा, माझ्या सुनेला बळ दे. मला ते चाबकासारखं लागायचं. कधी कधी वाटायचं, म्हातारीने एकदा मला शिव्या द्याव्यात, बोटं मोडावीत. त्या गोळ्या मोजत राहिल्या.

सगळे सांगत होते, ते मनावर घेऊ नको, ती तू नव्हतीस. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दानियेलचा दात, सिस्टरचा हात, तिथे मी नव्हते, हे मी मान्य करते. पण काथवट उचलताना मी होते. बावीस वर्षं जे गिळलं होतं त्याला तापाने फक्त दार उघडून दिलं. आणि आजाराच्या नावावर ते खपलं, म्हणून मी पहिल्यांदा मंडळीत साक्ष दिली, आणि टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्यांदा दिली.

टेबल

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीने पुढच्या टेबलापाशी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल, त्याने शनिवारी त्या माणसाच्या दारी जायचं आणि जे असेल ते बोलून टाकायचं. न बोलता भाकर-प्याला घ्यायचा नाही. ज्याचं मिटलं नसेल तो आपल्या जागेवर बसून राहतो, आणि कुणी त्याला विचारत नाही.

मी बसून राहत होते. सात वेळा राहिले. कुणी विचारत नव्हतं तरी मीच सांगायची की द्राक्षरस आणि माझ्या गोळ्या यांचं जमत नाही. सासरी-माहेरी मला कधी त्या टेबलाची इतकी ओढ लागली नव्हती. लहानपणापासून ते माझं हक्काचं होतं, म्हणून त्याची किंमत नव्हती. आता पुढे माणसं गुडघे टेकताना दिसली की उठून जावंसं वाटायचं. आणि तिथे जायची वाट एकाच दारातून होती. ते दार माझ्याच घरात होतं. सांगितलं तर म्हातारी काय करील याची मला भीती होती. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, दानियेलला सांगेल, रिबका मला आई म्हणणार नाही. जे प्रेम मला मिळत होतं ते आजारी सुनेला मिळत होतं. धडधाकट सुनेने हात मोडला, हे कळलं तर?

आठव्या महिन्याच्या शनिवारी दुपारी त्या न्हाऊन दारात उन्हाला बसल्या होत्या. मी मागे पाटावर बसून तेल लावलं आणि वेणीला तीन पेड काढले.

"आत्याबाई, तुमचा हात मी मोडला."

"पडले म्हनून सांगितलं न्हवं तुला."

"पडला नाहीत. मी काथवट घातली. डोक्यात घालायची होती. मला सगळं आठवतंय. ताप होता, पण मी शुद्धीवर होते."

शेजारी कुकरची शिटी झाली.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"तू तीन दिवस मोजलीस. तापातल्या मानसाला मोजायला येत न्हाई."

"मग सगळ्यांना आजार होता, आजार होता म्हणून कामून सांगत बसला?"

"मग काय सांगू? सून खरं बोलली, म्हनून सांगू?" त्यांनी वाकडं मनगट मांडीवर घेतलं. "तुला सगळंच ठाव न्हाई. दुसऱ्या दिशी दुपारी तू थकून निजलीस. मी एकली हुते तिच्याजवळ. पोरीनं पानी मागितलं. तांब्या माझ्या मांडीपाशी हुता. मी म्हनलं, उपास हाय, देवाला शब्द दिलाय, सांजला देते. तिनं तीनदा मागितलं. मग मागितलं न्हाई."

माझ्या मुठीत त्यांचे केस होते. मूठ आवळली गेली. मी ओढलं आणि त्यांचं डोकं मागे आलं, तोंड आभाळाकडे झालं, गळा वर आला. म्हाताऱ्या बाईचा सुरकुतलेला गळा, माझ्या डाव्या हाताला सहज पुरला असता. या वेळी ताप नव्हता. सकाळच्या गोळ्या पोटात होत्या. नंतर सांगायला कोणताच आजार नव्हता.

"वढ," त्या म्हणाल्या. डोळे उघडे होते. "त्या दिशी डोक्यात बसायचं ते हातावर बसलं. वढ."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पुरता एक कुकर झाला असेल. मग मी डोकं पुढे केलं आणि वेणी पुरी केली. घट्ट घातली, रोजच्यापेक्षा घट्ट. त्यांना दुखलं असणार. मी आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच बसून सलोमीचं नाव घेऊन मोठ्याने रडले. बाहेरून त्यांचंही रडणं ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे गेले नाही, त्या माझ्याकडे आल्या नाहीत. संध्याकाळी प्रार्थनेला त्यांनी तोंड उघडलं नाही. दानियेलने एकट्याने केली.

रविवारी पास्टर साहेबांनी टेबलावरचं पांढरं फडकं काढलं आणि रांग लागली. आमच्या बाकावरची माणसं उठली. मी उठले. आत्याबाई बसून राहिल्या.

"तू जा," त्या हळूच म्हणाल्या. "तू सांगितलीस, तुझं झालं."

"आणि तुम्ही?"

"मला माफ केलीस का तू?"

मी पुष्कळ शोधलं. आत तसं काही सापडेना. "नाही," मी म्हणाले.

"मग मला बसू दे."

लोक आमच्या बाजूने पुढे जात होते. कुणी विचारत नव्हतं, रीतच तशी आहे. मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसले.

"आत्याबाई, तुम्ही दाराची कडी काढून मला गाडीत घातलं, तेव्हा तुमचा राग गेला होता का?"

"कशाचा जातोय? लई राग हुता. हात ठणकायला हुता."

"मग उठा."

मी त्यांच्या वाकड्या मनगटाला धरलं आणि ओढलं. त्यांनी एकदा हात सोडवून बघितला, मी सोडला नाही. त्या उठल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे टेबलापर्यंत जायला आम्हाला वेळ लागला. बाकीची माणसं घेऊन परत येत होती. पास्टर साहेब प्याला हातात धरून आमच्यासाठी थांबले.